दाब किती, हवा किती

कळंब तालुक्यातली मांजरेच्या काठची काळी जमीन आणि वाशी-भूमकडचे बालाघाटाचे मुरमाड चढ, या दोन्हींवर एकच गाडी चालवायची म्हटली की इंजिनाकडून दोन वेगळ्या गोष्टी मागाव्या लागतात. जुलैतल्या पांदणीत चाक जोरात फिरतं ठेवावं लागतं. डोंगराच्या अंगावर तेच चाक अगदी सावकाश, पण न अडकता फिरायला हवं. धाराशिवात मामा-भाच्यात जो वाद चालला होता, त्याच्या मुळाशी हेच होतं. भाचा चाकणला वाहन उद्योगात इंजिनिअर आहे. त्याच्याकडे पाच दारांची जिम्नी आहे आणि तिच्यावर त्याला सुपरचार्जर चढवायचा आहे. मामांचं तुळजापूर रस्त्याला नोझल-पंपाचं दुकान. ट्रॅक्टर, ट्रॅक्स, जुन्या जीपा यांची इंजिनं खोलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा या बेताला विरोध. मी ऐकायला बसलो होतो, मध्ये बोललोही.

भाचा : मामा, हे १४६२ सीसीचं साधं इंजिन आहे, टर्बो नाही. १०५ पीएस, आणि टॉर्क १३४ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. खाली दीड-दोन हजारावर ओढच नाही.

मामा : मग थार घ्यायची होतीस. डिझेल थारला कंपनीनंच टर्बो दिलाय. तीनशे न्यूटन-मीटर, आणि सोळाशेपासूनच मिळतात. आता बाराशे किलोच्या गाडीला ताकद कमी पडते म्हणायलास?

भाचा : बाराशे किलो आहे म्हणून तर घेतली. काळ्यात जड गाडी रुतते, हे तुमचंच वाक्य. दुसरं म्हणजे आपण समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर. इथं हवेचा दाब सात-आठ टक्के कमी. त्यात मे महिन्यात चाळीस अंश म्हणजे हवा आणखी विरळ. दोन्ही धरले तर प्रमाण हवामानाच्या मानानं इंजिनाला पंधरा टक्के हवा कमीच मिळते. मी जादा काही मागत नाही, आधी गेलेलं भरून काढायचंय.

मामा : भरून काढायला टर्बो पण असतोय की. तो फुकटच्या धुरावर फिरतो, तुझा पट्ट्यावर फिरणार, म्हणजे इंजिनाचीच ताकद खाणार.

भाचा : खाणार. पाच पीएसआय दाबाला, वरच्या आरपीएमला, पाच-सहा घोडे तरी जातील. पण टर्बोला धूर लागतो, आणि दगडावर चढताना आपण हजार-दीड हजारावर असतो. तिथं टर्बो जागा व्हायला वेळ घेतो, आणि जागा झाला की एकदम ढकलतो. चाक दगडाच्या टोकावर असताना एकदम आलेली ताकद नकोच. शिवाय गाडी तासाला चार किलोमीटरनं चाललीय, समोरून वारा नाही, अशा वेळी बॉनेटखाली तांबडालाल टर्बो कशाला?

इथं मामा गप्प बसले. उष्णतेचा मुद्दा त्यांना पटणारा होता, आणि पुढं त्यांनी तोच उचलून भाच्यावर उलटवला. पण त्याआधी सुपरचार्जर कोणता, हे ठरायचं होतं.

या यंत्राचे तीन प्रकार. सेंट्रिफ्युगल जातीत पंखा हवा बाहेर फेकतो आणि दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिन ६००० वर असताना जो दाब मिळतो, त्याचा ३००० ला जेमतेम चौथा हिस्सा हाती येतो. महामार्गावर शर्यत लावणाऱ्याला ते चालेल, ओढ्यातून वर येणाऱ्याला उपयोग शून्य. उरले दोन. एक रूट्स : अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेला, दोन पाळ्यांचा ब्लोअर. साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बहुधा याच घराण्यातला असतो. दुसरा ट्विन-स्क्रू, स्वीडनच्या आल्फ लिसहोल्म यांनी १९३० च्या दशकात घडवलेला.

मामा : स्क्रू म्हणजे बोअरच्या गाडीवरचा कॉम्प्रेसर का?

भाचा : तोच. दोन मळसूत्रं एकमेकांत फिरतात, हवा पुढं सरकता सरकता दाबली जाते. रूट्समध्ये हवा आत दाबली जात नाही, नुसती पलीकडं ढकलली जाते आणि तिथल्या दाबावर आपटते. म्हणून ती जास्त तापते. मला स्क्रूच हवा.

मामा : बोअरच्या गाडीतल्या स्क्रूमध्ये तेल सोडतात. तेल गार करतं, फटी बुजवतं, मग पुढं टाकीत तेल वेगळं काढतात. तुझ्यात तेल सोडशील तर ते सिलिंडरात जाऊन जळंल.

भाचा : म्हणून याचे रोटर कोरडे फिरतात. एकमेकांना टेकू नयेत म्हणून टोकाला गिअर असतात, तेल फक्त त्या गिअरांना आणि बेअरिंगला.

मामा : म्हणजे गार करणारं आत काहीच नाही.

धाराशिव जिल्ह्यात बोअरचा अनुभव नसलेलं गाव सापडायचं नाही. दुष्काळाच्या वर्षी रात्ररात्र हा स्क्रू गावाच्या कानावर असतो. त्यामुळे मामांनी एका प्रश्नात यंत्राचं मर्म गाठलं, याचं मला नवल वाटलं नाही. भाच्यानं मग कागद घेतला. त्याचा हा गुण मला फार आवडतो. हिशेब आपल्याविरुद्ध जाईल अशी शंका असली तरी तो करतो.

धाराशिवच्या दाबावर पाच पीएसआय चढवले की हवेचा दाब साधारण ३७ टक्क्यांनी वाढतो. पण दाबलेली हवा तापते. बाहेर ४० अंश असेल, तर चांगल्या स्क्रूमधून ती ८० च्या पुढं, रूट्समधून ९० च्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा पसरते. म्हणून दाब ३७ टक्के वाढला तरी सिलिंडरात प्रत्यक्ष शिरणारी हवा वाढते एकोणीस-वीस टक्के. त्यातून पट्ट्याची ताकद वजा. मध्ये इंटरकूलर टाकून हवा ६० अंशांवर आणली, तर मात्र वाढ २९ टक्क्यांपर्यंत जाते.

मामा : म्हणजे अर्धा दाब नुसता गरम व्हायलाच.

भाचा : इंटरकूलर नसला तर हो.

मामा : आणि इंटरकूलरला वारा लागतो. तूच म्हणलास, चार किलोमीटरच्या वेगाला वारा नाही.

भाचा : पाण्याचा टाकायचा. हवेतली उष्णता पाणी घेतं, छोटा विजेचा पंप ते पाणी पुढच्या वेगळ्या रेडिएटरला नेतो, त्याला स्वतःचा पंखा. वारा नसला तरी दोन-तीन मिनिटांच्या चढाला पाण्याचा साठाच पुरतो. चढ संपला की ते परत गार होतं.

माझ्या मते सगळ्या चर्चेतला निर्णायक मुद्दा हाच आहे, आणि पुष्कळ हौशी लोक तोच सोडतात. संच विकणारे दाबाचा आकडा सांगतात. गाडीला दाब नको असतो, हवा हवी असते. ऑस्ट्रेलियात जिम्नीसाठी तयार सुपरचार्जर मिळतात, पण तिथं ९८ ऑक्टेनचं पेट्रोल साध्या पंपावर भरता येतं. तिथला आकडा जसाच्या तसा आपल्या मे महिन्यात लावणं म्हणजे इंजिन खोलायची तयारी करणं.

मामांचा खरा हल्ला नंतर आला.

मामा : ही ताकद जमिनीवर उतरणार कुठं? माझ्या रानात ओल्या काळ्यात तुझी गाडी रुतली, तेव्हा इंजिन बंद पडलं होतं का चाक फिरत होतं?

भाचा : चाक फिरत होतं.

मामा : मग ताकद कमी नव्हती.

कागद पुन्हा पुढं आला. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून १३५० किलो. ओल्या काळ्या मातीत पकड फार तर ०.३ धरू. टायर १९५/८० आर १५, त्याची त्रिज्या साधारण ३५ सेंटिमीटर. म्हणजे चारही चाकं मिळून जमीन जेमतेम १४०० न्यूटन-मीटर झेलते. त्यापुढं चाक घसरणारच. आता इंजिनाकडून काय येतं? जिम्नीच्या फोर-लोमध्ये पहिल्या गिअरला इंजिनाची ओढ चाकापर्यंत सुमारे ३६ पट होते. १३४ गुणिले ३६, म्हणजे ४८०० च्या वर. गिअरांतलं घर्षण आणि कमी आरपीएमची तूट वजा केली तरी चिखल जेवढं घेऊ शकतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त ओढ मूळच्या इंजिनात आहे. कोरड्या दगडावर पकड ०.८ धरली, तरी जमीन झेलते ३७०० च्या आसपास. तिथंही पहिला गिअर पुरतो.

मामा : झालं? तुझ्या लाख-दोन लाखांच्या यंत्रानं पहिल्या गिअरात कायबी फरक पडत नाही. टायर घे मोठ्या नक्षीचे, हवा सोळा-अठरावर आण, आणि जा.

भाचा : पहिल्या गिअरात नाहीच पडत. पण मामा, चिखलात पहिल्या गिअरात जातो कोण? काळी माती टायरच्या खोबणीत बसली की टायर गुळगुळीत होतो. ती फेकायला चाकाला वेग लागतो. फोर-लोमध्ये तिसरा टाकला आणि इंजिन ३००० वर ठेवलं, तर चाक अठ्ठावीस किलोमीटरच्या वेगानं फिरतं, खोबणी साफ होते. पण तिसऱ्याला ओढ चौदा पटच होते. अठराशे न्यूटन-मीटर, तेही कागदावर, ४००० आरपीएमला. आपण असतो अडीच-तीन हजारावर. चिखलानं जरा अडवलं की आरपीएम पडतो, ओढ आणखी पडते, इंजिन गुदमरतं. मग दुसरा टाकायचा. तेवढ्यात चाकाचा वेग गेलेला आणि गाडी बसलेली. मला सुपरचार्जर हवाय तो तिसऱ्या गिअरसाठी.

मामा बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. “हे बरोबर बोललास,” एवढंच म्हणाले. टायरचा हट्ट मात्र सोडला नाही, आणि सोडूही नये. माझाही कौल तोच : आधी टायर, मग बाकी सगळं. पण भाच्याचं उत्तर मला या विषयावरचं सर्वांत नेमकं वाटलं, कारण त्यानं ताकद कुठं हवी आहे ते गिअर आणि आरपीएमसकट सांगितलं. ज्याला एवढं सांगता येत नाही, त्यानं सुपरचार्जरच्या वाटेला जाऊ नये.

बसवण्याच्या कामात मामांचा हात चालू झाला. पट्टा आधीच अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाभोवती आहे. सुपरचार्जरच्या पुलीला तो पुरेसा वेढा घालेल अशी आयडलर पुली हवी, नाहीतर भार आला की पट्टा घसरणार. ब्रॅकेट जाड लोखंडाचा, थेट इंजिन ब्लॉकला धरलेला. चासीला धरला तर इंजिन हलतं तेव्हा पुल्यांची रेष मोडते आणि पट्टा कडेनं चिरतो.

मामा : ओढ्यात उतरलास की पट्ट्यावर पाणी. त्याचं काय?

भाचा : घसरेल. दाब पडेल थोडा वेळ.

मामा : पाण्याचं जाऊ दे, वाळतं. काळा गाळ पुलीच्या खाचांत बसला आणि वर ऊन लागलं तर सिमेंट होतो. पट्टा खाचेवर चढतो. खालून पत्र्याचं झाकण कर, आणि प्रत्येक चिखलानंतर ब्रशनं खाचा धू. आणि हवा घेणारं नळकांडं?

भाचा : वर, टपाच्या उंचीला. जिम्नीला कंपनी ३०० मिलिमीटर पाणीच सांगते.

मामा : ते पाण्यापेक्षा धुळीसाठी घाल. उन्हाळ्यात ऊसगाड्यांच्या वाटेला जी धूळ असते ती तुझ्या कोरड्या रोटरांत गेली तर सहा महिन्यांत फटी मोठ्या. एअर फिल्टर मोठा टाक, आणि फिल्टरच्या पुढच्या नळ्यांना ढिला क्लिप एकही नको.

पुलीच्या मापावर एकमत लवकर झालं. सुपरचार्जरची पुली मोठी ठेवली तर तो हळू फिरतो आणि दाब कमी येतो. भाच्यानं मोठ्यापासून सुरुवात करायचं मान्य केलं. आधी मनात असलेलं सात पीएसआयचं स्वप्न सोडून पाचवरच थांबायचं ठरलं.

ट्यूनिंगवर मात्र दोघांची जुंपली, आणि इथं मामांचा सगळा अनुभव उलट्या दिशेचा निघाला. ट्रॅक्टरचा पंप वाढवून घेणारे लोक त्यांनी पाहिले आहेत. दोन ट्रॉल्या ऊस ओढायला जादा डिझेल सोडायचं, काळा धूर काढायचा, आणि हंगामाअखेर वितळलेला पिस्टन घेऊन यायचं. त्यांच्या मनात पक्कं बसलंय : इंधन कमी, तर इंजिन गार.

मामा : म्हणून सांगतो, पेट्रोल कमीच सोड.

भाचा : मामा, पेट्रोलला नेमकं उलटं आहे. डिझेल इंजिन हवा पूर्ण घेतं, इंधन वाढवलं की उष्णता वाढते. पेट्रोलमध्ये दाब चढला असताना इंधन कमी पडलं, तर ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटतं. नॉकिंग. त्यात पिस्टनची कड जाते. म्हणून दाबाखाली मिश्रण गरजेपेक्षा दाट ठेवायचं, लॅम्डा ०.८ ते ०.८५. आणि ठिणगी जरा उशिरा. दर पीएसआयला एखादा अंश मागं, तिथून पुढं नॉक सेन्सर बघत.

मामा : लॅम्डा कशाला? आपले लोक चौदा पूर्णांक सात म्हणतात ना?

भाचा : ते शुद्ध पेट्रोलचं. आता पंपावर ई-२० मिळतं, वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलला एका किलोला नऊ किलोच हवा लागते, म्हणून ई-२० चं बरोबर प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. जुना आकडा धरून ट्यून केलं तर सगळीकडं इंधन कमी पडेल. लॅम्डा म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळाली ते, म्हणून इंधन कोणतंही असलं तरी आकडा एकच.

मामा : म्हणजे आपल्याच उसाच्या मळीनं तुझं गणित बिघडवलं.

भाचा : बिघडवलं तसं सावरलंही. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त. वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीच पट उष्णता ओढतं, हवा आतून गार करतं. दाबाच्या गाडीला ते चांगलंच आहे, फक्त इंजेक्टर मोठे हवेत आणि पेट्रोलचा पंप पुरेसा. आणि हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर बदलायचा. साध्या इंजिनाचा सेन्सर वातावरणाच्या दाबावर जाऊन थांबतो, त्यापुढं ईसीयू आंधळा.

एवढं सगळं पुण्या-मुंबईकडच्या डायनोवर बसवता येतं. पण डायनो पूर्ण थ्रॉटलचं चित्र दाखवतो, आणि डोंगरात पूर्ण थ्रॉटल लागतो कितीदा? ऑफ-रोड गाडीचं ट्यूनिंग पायाखालच्या पहिल्या इंचात असतं. स्क्रू सुपरचार्जर खालच्या आरपीएमलाच दाब देतो, म्हणून पाय जरा टेकला की गाडी उसळू शकते. त्याला बायपास झडप हवी, जी थ्रॉटल तिसरा हिस्सा उघडेपर्यंत हवा परत फिरवत राहील, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा नकाशा सुरुवातीला मुद्दाम सुस्त. भाच्याच्या यादीत हे आधी नव्हतं. मामांनी “दगडावर पाय थरथरतो तेव्हा काय होईल” असं विचारलं, त्यातून ते आलं.

शेवटचा प्रश्न कायद्याचा, आणि तिथं मला वादाला जागा दिसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

मामा : एमएच-२५ ची पाटी लावून हे घेऊन बाजारात फिरायचं नाही. रामलिंगच्या अभयारण्यात तर कुठलीच गाडी रस्ता सोडून घालायची नाही, मग तिच्यावर काही असो नसो.

भाचा : मान्य. रोजच्या गाडीला हात लावत नाही. अपघातात गेलेली एखादी जिम्नी घेतो, फक्त रानात आणि स्पर्धेला. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, तिथं ट्रकवर घालून नेईन.

मामा : मग क्रम मी सांगतो. पहिले टायर. मग पुढच्या ॲक्सलचे जॉइंट तपास. ओढ पाव हिस्सा वाढली की ते आधी तुटतात. मग पाण्याचा इंटरकूलर. सुपरचार्जर सगळ्यात शेवटी, ब्रॅकेट मी करतो.

भाचा : आणि पुली?

मामा : मोठीच. मे महिन्यात दुपारी दोनला वाशीच्या चढावर तिसऱ्या गिअरात घाल, आत जाणाऱ्या हवेचं तापमान लॅपटॉपवर उतरव आणि मला आणून दाखव. साठ-पासष्टवर राहिलं तर एक माप लहान पुली करू. सत्तर ओलांडलं तर आधी पंखा बदल, दाबाचं नाव काढू नको.